मेण, माशी आणि मध्यरात्र

ख्रिस्ती वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, सर्वांत गंभीर घोषणेच्या ऐन भरात, कॅथलिक चर्च घटकाभर थांबते आणि मधमाशीची आठवण काढते. घोषणेचा पसारा केवढा, तर आदामाचा अपराध तिच्यात आहे, मिसर देशातून सुटलेले इस्राएल आहे, दुभंगलेला तांबडा समुद्र आहे, फुटलेले मरणाचे पाश आहेत. स्वर्गातल्या दूतगणांना आणि अवघ्या पृथ्वीला हर्षाचे आमंत्रण देत ती सुरू होते. आणि एवढ्या महाकाव्याच्या मध्यभागी एक कीटक येतो, गुणगुणतो आणि जातो. पास्काच्या जागरणविधीत गायल्या जाणाऱ्या या घोषणेला लॅटिनमधल्या तिच्या आरंभशब्दावरून 'एक्सुल्टेट' म्हणतात. तिच्यातली बहुतेक स्थळे पंडितांनी उलगडून ठेवली आहेत. त्या माशीकडे मात्र भाष्यकारांचे लक्ष जरा ओझरतेच गेले. आपण आज तिच्याचपाशी रेंगाळू.

रेंगाळायला जागाही तशीच हवी, म्हणून पाचगणी. या डोंगरात मधमाशी ही काव्यातली उपमा नाही, घरातला व्यवहार आहे. कड्यांवर आग्यामोहोळे लोंबतात, परसात आणि रानात सातेरीच्या पेट्या मांडलेल्या असतात, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातले मांघर 2022 साली 'मधाचे गाव' म्हणून पुढे आले. जांभूळ, हिरडा, गेळा यांचा मध इथे चवीवरून ओळखणारी माणसे आहेत, आणि कारवी फुलली की सात-आठ वर्षांतून एकदा लाभणाऱ्या त्या मधाची वाट पाहणारीही. आता पास्काचा सण कधी येतो पाहा. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो पुनरुत्थानाचा रविवार. म्हणजे एखाद्या वर्षी होळीपौर्णिमेच्या मागोमाग, बहुधा चैत्री पौर्णिमेच्या आगेमागे. खाली वाईजवळ बावधनचे बगाड निघून गेलेले असते किंवा निघायचे असते, आणि वर डोंगरात जांभळाला मोहोर धरू लागलेला असतो. रात्री चर्चमध्ये जिचे गुण गायचे, ती दिवसभर त्या मोहोरावर राबून पेटीत परतलेली असते.

पाचगणी आणि संगीत हे दोन शब्द जवळ आणले की हल्ली लोक लगेच फ्रेडी मर्क्युरीचे नाव घेतात. सेंट पीटर्स शाळेत तो शिकला हे खरेच, पण ती परंपरा अँग्लिकन, आणि तो किस्सा सांगून सांगून गुळगुळीत झालेला. कॅथलिक पाचगणीचा धागा वेगळा आहे. 1895 साली इथे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट उभे राहिले ते 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' या संघाच्या भगिनींनी उभारलेले. हा संघ 1833 मध्ये बेल्जियममधल्या लिएज नगरात मारी तेरेझ हाझ यांनी स्थापिला. पुणे धर्मप्रांताची स्थापना 1886 ची. म्हणजे धर्मप्रांत जेमतेम नऊ वर्षांचा असताना या कन्या सिल्व्हर ओकच्या सावलीत शाळा मांडून बसल्या होत्या. पुणे धर्मप्रांतात आज मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत होते आणि इंग्रजीतही. आणि या डोंगरी गावाचा भक्तसमुदाय तर शाळांच्या सुट्ट्यांबरोबर आणि पर्यटकांच्या हंगामाबरोबर बदलत राहणारा. अशा समुदायाला एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे विधी. तो कुठेही तोच असतो, आणि कोणीही आले तरी त्याला आपली जागा त्यात सापडते.

या रात्रीचे संगीत समजून घ्यायचे तर आधी तिच्यामागची शांतता ऐकली पाहिजे. पास्काच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या दिवसापासून 'आलेलुया' हा जयघोष मिस्सेतून नाहीसा होतो. एरवी रविवारी गायले जाणारे गौरवगीतही थांबते. पवित्र गुरुवारी मात्र ते एकदाच, घंटांच्या गजरात उसळते आणि त्या क्षणानंतर घंटा मुक्या होतात. वाद्ये वाजलीच तर गाण्याला आधार देण्यापुरती. घंटेच्या जागी पुष्कळ ठिकाणी लाकडी खटखट्या वाजवतात. त्या आवाजाला नाद नसतो, अनुरणन नसते, आणि तेच अभिप्रेत असते. गोव्याकडे आणि वसईकडे ज्यांचे बालपण गेले त्यांना तो कोरडा खटखटाट शुक्रवारच्या उपवासासकट आठवत असेल. आपण मराठी श्रोते शांततेला गाण्याची पूर्वतयारी मानतो, तंबोरा जुळण्याआधीची. इथे चर्चने त्या शांततेला दोन दिवसांचा विस्तार दिला आहे, आणि तिच्याही आधी चाळीस दिवसांचा उतार. एवढ्या उतारावरून आल्याशिवाय शनिवारच्या रात्रीची चढण अंगावर येत नाही.

ती रात्र चर्चच्या बाहेर, उघड्यावर, आगीने सुरू होते. अंधारात नवा अग्नी पेटवतात, तो आशीर्वादित करतात आणि त्याच्याजवळ मेणाचा एक मोठा स्तंभ आणतात. पास्काची ही मेणबत्ती. तिच्यावर धर्मगुरू क्रूस कोरतो, वर ग्रीक वर्णमालेतले पहिले अक्षर, खाली शेवटचे, आणि क्रूसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार अंक. या अंकांवर जरा नजर ठेवू या. पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांनी अनंताची सीमा आखली आहे, आणि त्या अनंताच्या पोटात चार साधे अंक, कॅलेंडरवर असतात तसेच. सर्वकाळाच्या स्वामीची मेणबत्ती, पण ती या वर्षाची. मागल्या वर्षीची चालत नाही. 1988 मध्ये रोमने पास्काच्या विधींविषयी जे परिपत्रक काढले त्यात हे स्पष्टच सांगितले आहे: मेणबत्ती खऱ्या मेणाची असावी, कृत्रिम कधीही नसावी, दरवर्षी नवी असावी आणि एकच असावी. नियमांच्या रुक्ष भाषेत सौंदर्यदृष्टी किती वेळा लपलेली असते, त्याचा हा एक नमुना. प्लास्टिकच्या नळकांड्यात तेलाचा दिवा लावून वर्षानुवर्षे तोच मिरवता आला असता. मग घोषणेतली माशी खोटी ठरली असती. क्रूसाच्या टोकांवर आणि मध्यभागी धुपाचे पाच दाणे रोवतात, पाच जखमांची खूण म्हणून. मेणात बोटाने काही रोवणे ही क्रिया इतकी पार्थिव, इतकी हातातली आहे की मोठी धर्मतत्त्वे तिथे आपोआप लहान आवाजात बोलू लागतात.

मग मिरवणूक. पेटलेली ती एकच ज्योत अंधाऱ्या चर्चमध्ये शिरते. डीकन, म्हणजे धर्मगुरूचा दीक्षित साहाय्यक, आणि तो नसेल तर धर्मगुरू, ती वर धरतो आणि ख्रिस्ताच्या प्रकाशाची लहानशी हाक गातो. समुदाय देवाचे आभार मानून तिला उत्तर देतो. दाराशी एकदा, मध्यावर एकदा, वेदीसमोर एकदा. सूर जेमतेम दोन-तीन. कोणाही अशिक्षित गळ्याला पेलतील असे. परंतु परंपरा अशी की दर वेळी ती हाक आधीपेक्षा वरच्या पट्टीत उचलायची. आपल्या कानांना हे किती चकित करणारे आहे! आपला षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत तो जागचा हलत नाही. सारा विस्तार त्याच्याभोवती, सारी हुरहूर त्याच्याकडे परतण्याची. इथे मात्र षड्जच उचलला जातो. धून तीच, शब्द तेच, पायाखालची जमीन मात्र एक पायरी वर गेलेली. आलाप नाही, तान नाही, अलंकार नाही. चढण्यासाठी जे काही केले ते एवढेच. आणि जसजशी पट्टी चढते तसतशी ज्योत वाटली जाते. मोठ्या मेणबत्तीवरून लहान मेणबत्त्या पेटतात, शेजारच्याकडून शेजारच्याकडे. ज्याला आपण ओळखतही नाही अशा माणसाकडे वात झुकवावी लागते, वारा लागू नये म्हणून तळहात आडवा धरावा लागतो. नियमाप्रमाणे तिसऱ्या हाकेनंतर दिवे लागतात. पण कित्येक धर्मग्रामांत विजेचे बटण पुढे गौरवगीतापर्यंत दाबत नाहीत, आणि माझे मत विचाराल तर त्यांचेच बरोबर आहे.

आता गाणारा मेणबत्तीजवळ उभा राहतो आणि एक्सुल्टेट सुरू होते. साथीला काही नाही, फक्त गळा. पूर्ण घोषणा गायला दहा-बारा मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ सारे लोक हातात मेणबत्त्या घेऊन उभे असतात. तिची चाल म्हणजे ग्रेगोरियन परंपरेतले पठण-गायन. एका स्वरावर शब्द वाहत राहतात, विरामाशी थोडे वळतात, वाक्य संपताना एका ठरावीक उतरणीने खाली येतात, आणि पुन्हा त्याच स्वरावर चढून पुढचे वाक्य उचलतात. ताल नाही, लय आहे ती वाक्याची. ज्या कानांनी पोथीचे वाचन ऐकले आहे, जात्यावरची ओवी ऐकली आहे, त्यांना हे अनोळखी वाटणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांना ती गोष्ट चारशे वर्षांपूर्वी उमगली होती. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइट धर्मगुरूने गोव्यात बसून ख्रिस्तपुराण रचले ते ओवीत. 1616 मध्ये ते रायतूर, म्हणजे राशोल इथे छापले गेले, आणि रविवारी, सणावारी चर्चमधून त्याचे वाचन होत असे. सुमारे 11 हजार ओव्यांचे ते पुराण ऐकणाऱ्यांना गाणे आणि सांगणे यांच्यामधली ती अरुंद वाट ठाऊक होती. एक्सुल्टेटही त्याच वाटेवरून चालते. तिला गाणे म्हणावे तर ती सांगत असते, सांगणे म्हणावे तर गात असते.

तिची रचना ऐकताना तीन वळणे ध्यानात येतात. आरंभी आमंत्रण: आधी स्वर्ग, मग पृथ्वी, मग चर्च, मग खुद्द ही चार भिंतींची जागा आणि तिच्यात उभी असलेली माणसे. कॅमेरा म्हणावा तसा दृष्टिक्षेप आकाशातून खाली येत येत आपल्या हातातल्या मेणबत्तीवर स्थिरावतो. मग गाणारा आणि समुदाय यांच्यात छोटा संवाद, रोजच्या मिस्सेत ख्रिस्तशरीराच्या प्रार्थनेआधी होतो तोच. आणि मग रात्र. एकामागून एक वाक्य त्या रात्रीकडे बोट दाखवत उठते: पूर्वजांना मिसरातून सोडवणारी, अग्निस्तंभाने अंधार पळवणारी, मरणाच्या कड्या तोडणारी, ती रात्र ही. भूतकाळातली सुटका, सुळावरचा विजय आणि इथे पाचगणीत आज जमलेली माणसे, सगळ्यांचा काळ एकच. निवेदन मग इतके धीट होते की पहिल्या माणसाच्या अपराधालाही ते धन्य म्हणते, कारण त्या अपराधामुळेच असा तारणारा लाभला. धर्मशास्त्र्यांना या वाक्याने शतकानुशतके घाम फोडला आहे. काही जुन्या हस्तलिखितांतून ते चक्क गाळलेलेही आढळते. रसिकाला मात्र त्याचा पेच पडत नाही. प्रेमाचा अतिरेक झाला की भाषा तर्काची वेस ओलांडते, हे आपल्या संतांनी आपल्याला केव्हाच शिकवले आहे.

आणि या शिखरावरून उतरताना, आवाज जिथे अर्पणाच्या नम्रतेत येतो, तिथे मेणबत्ती देवापुढे ठेवली जाते. ही घे, असे चर्च म्हणते; ही माश्यांनी आणि तुझ्या सेवकांच्या हातांनी घडवलेली आहे. पुढे थोड्याच अंतराने पुन्हा, ज्योत वाटली तरी उणी होत नाही असे सांगताना, तिला पोसणारे मेण मधमाशी-मातेने निर्मिले याची आठवण होते. दोनदा उल्लेख, दोन्ही ओझरते. मूळ लॅटिन परंपरेत हे स्तवन बरेच लांब होते. मधमाशीचा निष्कलंकपणा, तिचे काटकसरी घर, तिचे फुलांवरचे भ्रमण असे सारे त्यात येई, आणि त्यामागे व्हर्जिलच्या शेतीविषयक काव्याचा चौथा सर्ग स्पष्ट ऐकू येई. संत जेरोमच्या नावावर असलेल्या चौथ्या शतकातल्या एका पत्रात तर चक्क तक्रार आहे की मेणबत्तीच्या स्तुतीच्या निमित्ताने हे डीकन लोक फुले, कुरणे आणि माश्या यांची कविता करत बसतात. तक्रार करणाऱ्याची शिस्त मान्य. पण माझे मन डीकनांच्या बाजूने आहे. चर्चने पुढे कात्री चालवली, लांबण कमी केली, माशी मात्र ठेवली. 1973 च्या इंग्रजी भाषांतरातून ती उडून गेली होती; 2011 मध्ये नवे भाषांतर आले तेव्हा परत आली. जवळजवळ चार दशके इंग्रजी मिस्सेत पास्काची रात्र झाली ती मधमाशीवाचून.

दक्षिण इटलीत दहाव्या ते तेराव्या शतकांत या घोषणेसाठी चर्मपत्राच्या लांबच लांब गुंडाळ्या बनवत. डीकन उंच व्यासपीठावरून गात गात गुंडाळी उलगडत जाई आणि उलगडलेला भाग पुढे, लोकांच्या बाजूला लोंबत राही. चित्रकारांनी काय करावे? त्यांनी मजकूर डीकनसाठी सुलटा लिहिला आणि चित्रे त्याच्या दृष्टीने उलटी काढली, म्हणजे खाली उभ्या लोकांना ती सुलटी दिसावीत. पिंगुळीच्या चित्रकथीची पोथी ज्यांनी पाहिली आहे, गाणारा कथा गातो आणि चित्र मात्र श्रोत्यांकडे तोंड करून उभे असते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या युक्तीचे मर्म सांगायला नको. व्हॅटिकनच्या ग्रंथालयात अकराव्या शतकातली 'बारबेरिनी' नावाची अशी एक गुंडाळी आहे. तिच्यात माश्या आहेत, पोळी आहेत, मध काढणारी माणसे आहेत. ज्या माशीला शब्दांत एका ओळीची जागा, तिला चित्रात स्वतंत्र चौकट मिळाली. चित्रकाराला ती आवडली असली पाहिजे.

आता खुद्द मेणाकडे वळू. ते फुलातून येत नाही. फुलातून येतो तो मकरंद. मेण माशीच्या अंगातून स्रवते. कामकरी माशी दोनेक आठवड्यांची झाली की तिच्या पोटाखालच्या ग्रंथींतून मेणाचे इवले पापुद्रे बाहेर येतात. ते तोंडाने मळून, मऊ करून ती षट्कोनी घरे बांधते. एक किलो मेणासाठी सहा-आठ किलो मध खर्ची पडतो असा सर्वसाधारण हिशेब सांगतात. म्हणजे वेदीजवळ उभा असलेला तो स्तंभ खरे तर साठवलेल्या मधाचाच आहे, आणि तो मध अगणित फुलांचा. गंमत अशी की घोषणेने मेणाचे श्रेय दिले आहे मातेला, आणि मेण मुळीच मातेचे नसते. राणीमाशी अंडी घालते. घर बांधतात त्या तिच्या कन्या. व्हर्जिलच्या काळी तर पोळ्याचा प्रमुख राजा असतो असाच समज होता. चूक म्हणावी तर चूक. पण पाचगणीतल्या कॉन्व्हेंटचा संघ क्रूसाच्या कन्यांचा आहे आणि बांधकामही कन्यांनीच केले, हे ध्यानात घेतले तर शास्त्राने केलेली ही दुरुस्ती इथे फारच शोभून दिसते.

माशीच्या आवाजालाही एकाने संगीताचा मान दिला होता. चार्ल्स बटलर नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने 1609 मध्ये मधमाश्यांवर ग्रंथ लिहून पोळ्यात राज्य राणीचे असते हे ठासून मांडले, आणि 1623 च्या आवृत्तीत, मोहोळ फुटून नवा थवा निघण्याआधी राण्या जो पिपाणीसारखा सूर काढतात तो स्वरलिपीत बांधून चार आवाजांचे एक गीतच छापले. पाद्री अँग्लिकन होता. पास्काची ही घोषणा त्याच्या उपासनेत नव्हती. असती तर त्याने माशीच्या ओळीला वेगळी चाल दिली असती, असे मला उगाच वाटते.

पण इथेच एक्सुल्टेटचे सर्वांत सूक्ष्म सौंदर्य आहे, आणि आपण इतका वेळ ज्यासाठी थांबलो ते हेच. माशीला वेगळी चाल नाही. दुभंगलेल्या समुद्राचे वाक्य ज्या स्वरावर चढले, ज्या उतरणीने उतरले, थडग्यातून उठलेल्या ख्रिस्ताचे वाक्य ज्या सुरांनी गायले गेले, त्याच सुरांवर माशीचे वाक्य येते. नाटककाराने तिथे स्वर कोमल केला असता, चित्रपटाच्या संगीतकाराने बासरी वाजवली असती. जुना रचनाकार काहीच करत नाही. एकच सूत्र, तेच आरोहण, तोच विराम. आशय बदलतो, मान बदलत नाही. पुनरुत्थान आणि मेण यांना एकाच आसनावर बसवणारी ही समदृष्टी शब्दांत मांडली असती तर कदाचित पाखंड वाटली असती. चालीत ती सहज सामावून जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. गळा तयार असणारा गायकही तिथे थोडे सजवण्याचा मोह आवरतो तेव्हाच ही जागा खुलते.

घोषणा संपते, मेणबत्त्या विझवून लोक बसतात आणि जुन्या करारातली वाचने सुरू होतात, सात असतात, कमीत कमी तीन तरी व्हावीच लागतात, आणि समुद्र ओलांडल्याचे वाचन कधीही गाळता येत नाही. प्रत्येक वाचनानंतर प्रतिसाद स्तोत्र. त्यानंतर तो क्षण येतो ज्याची मुले वाट पाहत असतात: गौरवगीत उठते, वेदीवरच्या मेणबत्त्या पेटतात, दोन दिवस मुक्या असलेल्या घंटा एकदम बोलू लागतात आणि हार्मोनियमचा भाता मोकळा होतो. या वाद्याचा प्रवासही ऐकण्यासारखा. पॅरिसच्या देबेनने 1842 मध्ये त्याचे पेटंट घेतले. युरोपात ज्या देवळांना पाइप ऑर्गन परवडत नसे त्यांच्यात ते रमले, मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आले, इथे जमिनीवर बसले, हाताने भाता घेऊ लागले, कीर्तनात आणि नाट्यसंगीतात मुरले, आणि तबल्याला सोबत घेऊन पुन्हा चर्चमध्ये शिरले ते अस्सल देशी होऊन. सातारा जिल्ह्याचा यात वाटा आहे. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' मांडला तो साताऱ्यात. ते प्रॉटेस्टंट, परंतु मराठी माणसाची ख्रिस्तभक्ती भजनाच्या अंगाने गायली जाईल हे त्यांनी ओळखले, आणि ती ओळख पुढे पंथांच्या भिंती ओलांडून गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनेचे दार लोकभाषांना उघडले, 1969 मध्ये भारतीय चर्चला आरती, समई, अंजली असे बारा देशी उपचार मिस्सेत आणण्याची मुभा मिळाली, आणि लॅटिन उपासनेत वाढलेल्या कानांना मराठी प्रवेशगीताची सवय हळूहळू झाली.

गौरवगीतानंतर पत्राचे वाचन आणि मग चाळीस दिवस हरवलेला आलेलुया. धर्मगुरू तो तीनदा उचलतो, प्रत्येक वेळी एक स्वर चढवून, आणि समुदाय प्रत्येक वेळी त्याच उंचीवर त्याला परत देतो. आपल्या लक्षात आले ना? दारातल्या त्या तीन हाकांचीच ही रचना. तिथे प्रकाश तीन पायऱ्या चढला, इथे आनंद. मधल्या तास-दीड तासात कोणी ते आठवण करून देत नाही. रात्रीच्या दोन टोकांना दोन सारख्या जिन्यांची मांडणी करून रचनाकार बाजूला होतो. शास्त्रीय मैफलीत एखादी तान तासाभराने त्याच वळणाने परत आली की आपण मान हलवतो. ही दाद इथेही द्यायला हरकत नाही, मात्र मनातल्या मनात.

या साऱ्या योजनेला एकेकाळी केवढा तडा गेला होता तेही सांगितले पाहिजे. शतकानुशतके हा जागरणविधी सरकत सरकत शनिवारच्या सकाळवर आला होता. पोप बाराव्या पायसने 1951 मध्ये प्रयोगादाखल तो रात्रीला परत दिला आणि 1955 च्या सुधारणेने पुढच्या वर्षापासून तो सर्वत्र रात्रीचा झाला. म्हणजे पाचगणीच्या कॉन्व्हेंटचे पहिले अर्धशतक ज्या काळात गेले त्या काळात जगभरची चर्चे डोंगरमाथ्यांवर ऊन चढलेले असताना रात्रीला धन्य म्हणत होती, आणि दिवसाउजेडी पेटलेल्या ज्योतीला अंधार पळवल्याचे श्रेय देत होती. श्रद्धा एवढी विसंगती पचवते हे खरे; कलेला ती पचत नाही.

पाणी आशीर्वादित करताना ती मेणबत्ती पाण्यात बुडवली जाते, मोठ्यांचे आणि बालकांचे बाप्तिस्मे होतात, मग ख्रिस्तशरीराचा विधी, आणि लोक आपापल्या घरी जातात. मेणबत्ती मात्र पन्नासाव्या दिवसापर्यंत, पेन्टेकॉस्टपर्यंत, वेदीजवळ उभी असते. तो सण मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कुठेतरी पडतो, म्हणजे या डोंगरावर वळवाचे ढग जमतात तेव्हा. मधाचा हंगाम तोवर आटोपलेला असतो आणि पुढे पावसाळाभर फुलांचा दुष्काळ. मधपाळांना सातेरीच्या वसाहती साखरपाण्यावर जगवाव्या लागतात. मेणबत्ती त्यानंतर बाप्तिस्म्याच्या कुंडाशी जाते. वर्षभर ती पेटते ती मुख्यतः दोनच प्रसंगी: बालकाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा, आणि कोणाची शवपेटी चर्चमध्ये आणतात तेव्हा.

आता एक विनंती, आणि ती गाणाऱ्यांना तसेच गाऊन घेणाऱ्यांना. मिस्साग्रंथात एक्सुल्टेटचे एक संक्षिप्त रूपही दिले आहे. वेळ वाचावा म्हणून पुष्कळ ठिकाणी तेच गातात. त्यात हातांनी आणि माश्यांनी घडवल्याचा पहिला उल्लेख राहतो, पण मेण निर्मिणाऱ्या मातेचा दुसरा उल्लेख गळतो, आणि त्याच्यासोबत वाटली तरी उणी न होणारी ज्योतही. वाचतात ती तीन-चार मिनिटे. एरवी कोठेही कात्री लावा. निदान महाबळेश्वर तालुक्यात तरी ही घोषणा पूर्ण गायली जावी.